बिनघोटाईची भिंत

आमच्या सासूबाईंबरोबर रस्त्याने चालायचं म्हणजे दिव्य असतं. माणसं दुकानं बघत जातात, ह्या भिंती बघत जातात. मध्येच थांबतात, कुणाच्याही घराच्या भिंतीवर तळहात फिरवतात आणि भर रस्त्यात निकाल देतात, "हात हलका पडलाय," नाहीतर "ह्याला जेवायची घाई झाली होती." आतून घरमालक बाहेर येतो आणि मला सांगावं लागतं की काही नाही हो, गवंडीकाम करतात त्या. एकदा तर त्या मालकाने आम्हाला आत बोलावून न्हाणीघराची ओल दाखवली. सासूबाईंनी त्याला पाऊण तास झापलं आणि वर चहा पिऊन आल्या.

गवंडीकाम म्हणजे मातीचं. विटा आणि सिमेंट ह्यांना त्या "बाजारू" म्हणतात. तरुणपणापासून त्यांनी मातीच्या भिंती उभ्या केल्या. त्यांच्या हाताखाली बायकांची टोळी होती. कुणी माती मळायची, कुणी भाताचं काड चिरायची, कुणी गोळे फेकायची, आणि शेवटचा हात मात्र सासूबाईंचा. गिलावा अर्धवट वाळला की गुळगुळीत दगडाने त्या तो घोटत बसायच्या, तासन् तास, भिंतीवरून हात घसरेपर्यंत. टोळीतल्या बायका त्यांना मुकादम म्हणायच्या. त्यांच्या भिंतीला टाचणी लावली तर टाचणी वाकते, असं लोक सांगायचे. ते खोटं आहे, पण त्यांनी ते कधीच खोडून काढलं नाही.

मग मातीची घरं बांधायची कुणाला हौस राहिली नाही. टोळी पांगली. मिरची म्हणून एक होती, जिभेला धार म्हणून ते नाव, ती शाळेत मुलांचे डबे सांभाळायला लागली. बाकीच्या कुठे कुठे गेल्या. सासूबाई घरी बसल्या, आणि त्यांचं घरी बसणं म्हणजे आमच्या स्वयंपाकघराची भिंत दर दोन महिन्यांनी नव्याने लिंपणं. मी दवाखान्यात पेशंटची नावं पुकारते. दिवसभर ओरडून घरी यावं तर डबे, बरण्या, तवा सगळं अंगणात! माझी सटकायची. आमचे हे, म्हणजे त्यांचा मुलगा, म्हणायचे, "आई, ती थापी आता माळ्यावर टाक ना." त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या. कान त्यांचे ठणठणीत आहेत.

अशात एके दिवशी दारात एक मुलगी उभी. गोल चष्मा, पाठीवर सॅक, बुटांना चिखल. आर्किटेक्ट होती ती.

"मावशी, गावाबाहेरच्या तळ्यावर एक लपण बांधायचंय."

"काय बांधायचंय?"

"लपण. आत माणसांनी बसायचं आणि फटीतून पाखरं बघायची. पाखरांना मात्र आत कुणी आहे हे कळता कामा नये."

"म्हणजे चोरून बघायचं," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या गल्लीत त्याला खिडकी म्हणतात."

मुलगी हसली, पण हटली नाही. माती तिथलीच घ्यायची, सिमेंटचा कणही नको, लाकडांना खिळे नकोत, खुंट्या मारायच्या, आणि छपरावर गवत उगवलं पाहिजे. इथवर सासूबाई मान डोलवत होत्या. मग ती म्हणाली, "आणि पुढे कधीतरी, आपल्यानंतर, ते आपोआप जमिनीत मिसळून गेलं पाहिजे. तिथे काही होतं, हेसुद्धा कुणाला कळू नये."

झालं! सासूबाईंचा चेहरा उतरला. "मी पडणाऱ्या भिंती बांधत नाही, पोरी. चहा पिऊन जा."

ती चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई माझ्या आधी तयार होऊन दारात उभ्या. "तळ्यावरची माती कशी आहे ते तर बघून येऊ," म्हणाल्या. "बघायला काय जातंय?"

तळ्यावर पाणथळीचा अधिकारी भेटला. सुकलेला, उंच माणूस, गळ्यात दुर्बीण. त्याने एकही गोड शब्द काढला नाही. म्हणाला, "माझा ह्या प्रकरणाला विरोध होता. वरून आदेश आला म्हणून करतोय. हा काठ उथळ आहे, सगळी पाखरं इथेच चरतात. तुमच्या बांधकामामुळे ती इथून उठली आणि परत आली नाहीत, तर उन्हाळा लागायच्या आत मी ते पाडून टाकणार. टिकली, तर तळ्याभोवती आणखी चार लपणं बांधायची आहेत. मातीचीच."

आणखी चार! म्हणजे पुढची कित्येक वर्षं टोळी पुन्हा एकत्र. परतताना सासूबाईंनी रस्त्यातली एकही भिंत बघितली नाही, तेव्हाच मी ओळखलं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी जाहीर केलं, "काम घेतलंय."

"आई, गुडघे बघ स्वतःचे," आमचे हे म्हणाले.

"गुडघ्यांनी नाही बांधत मी. आणि ऐक, हे लपण पाडायची वेळ आली, तर मी माझ्या हाताने थापी तळ्यात फेकेन. मग तू म्हणशील त्या कोपऱ्यात बसेन आणि तू म्हणशील तेवढंच बोलेन."

आमच्या घरात धमक्या रोज असतात. पण ही धमकी नव्हती. त्यांनी ताटात बघत, हळू आवाजात सांगितलं, आणि मी हातातला घास ताटात ठेवला. कारण ही बाई बोलते ते करते.

टोळी जमली. मिरचीने शाळेतून सुट्टी काढली, बाकीच्या जिथे होत्या तिथून आल्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या सगळ्या, एकमेकींना बघून किंचाळल्या, आणि अधिकाऱ्याने लगेच पहिला नियम सांगितला: आवाज नाही. अहो, गवंडी बायकांना आवाज करू नका म्हणून सांगायचं! चिखल तुडवताना ह्या बायका जे बोलतात ते कानात बोलण्यासारखं नसतं, पण आता कानातच बोलावं लागायचं. मिरचीचे तर हाल झाले. भांडण आलं की ती झुडपामागे जायची, तिथे दबक्या आवाजात शिव्या घालायची आणि परत येऊन गोळे फेकायची.

सुट्टीच्या दिवशी मलाही ओढलं. मला चिखलाची किळस येते हे सांगून काय उपयोग? "पाय आहेत ना? तुडव," एवढंच उत्तर.

कामाची पद्धत मात्र चष्मेवालीची होती आणि ती मला पटली. थोडं बांधायचं आणि थांबायचं. आधी नुसते चार खांब उभे केले आणि सगळे घरी गेलो. पाखरं पहिल्यांदा दूर सरकली, मग खांबांची सवय होऊन पुन्हा जवळ आली, की मग दगडाचं जोतं. पुन्हा थांबा. मग भिंतीचा एकेक थर. आत शिरायची वाट तिने मुद्दाम वळणाची ठेवली, म्हणजे मागून उजेड येऊन माणसांच्या सावल्या फटीत दिसू नयेत. फटी खाली ठेवल्या, बाकावर बसलेल्याच्या डोळ्यांसमोर, आणि एक त्याहून खाली, चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी. सासूबाई म्हणायच्या, "पोरगी हुशार आहे, पण तिला सांगू नका." सांगायची गरजच नव्हती. दोघी दिवसभर वाद घालायच्या आणि एकाच डब्यातून जेवायच्या.

छप्पर झालं, त्यावर गवताची ढेकळं रचली. राहिला तळ्याच्या बाजूच्या भिंतीचा बाहेरचा गिलावा. तेवढ्यात चष्मेवालीला तिच्या बहिणीच्या बाळंतपणाला जावं लागलं. जाताना ती बजावून गेली, "मावशी, बाहेरून खरबरीत ठेवा. काड दिसू दे. घोटू नका."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

आता तुम्हीच सांगा. जिने जन्मात उघडी भिंत सोडली नाही, जी परक्याच्या भिंतीवर रस्त्यात हात फिरवते, ती आपल्या उतारवयातल्या सगळ्यात मोठ्या कामावर काड दिसत ठेवून घरी येईल? त्यांनी घोटली. नुसती घोटली नाही, तेल लावलं, साबणाचं पाणी लावलं, दगड बदलून बदलून घोटली. टोळीतल्या बायका पाळीपाळीने हात लावून गेल्या. मी बघायला गेले तेव्हा ती भिंत ताज्या सायीसारखी दिसत होती. मी रागीट आहे, पण आंधळी नाही. असं काम मी कधी बघितलं नव्हतं, आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. मिरची रडली. सासूबाई म्हणाल्या, "आता पडली तरी हरकत नाही," आणि जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि बगळ्यांचा थवा आला. नेहमीसारखा खाली उतरला, भिंतीसमोर आला, आणि सरळ वळून पलीकडच्या काठाला गेला. मागून बदकं, तीही पलीकडे. पाणकोंबड्या तर चालत चालत निघून गेल्या, भाडेकरूंनी खोली सोडावी तशा. आठवडा गेला, पंधरवडा गेला, आमच्या काठावर चिखल आणि शांतता. अधिकारी आला, दुर्बीण लावली, आणि म्हणाला, "महिनाअखेर मी माणसं घेऊन येतो."

चष्मेवाली परत आली ती थेट तळ्यावर. भिंतीसमोर उभी राहिली. मी वाट बघत होते की आता ही फुटणार. पण तिने सासूबाईंचा हात धरला आणि म्हणाली, "मावशी, इतकी सुंदर भिंत मी कधी पाहिली नाही. पण ऊन आलं की ती चकाकते. समोरून आगीसारखी दिसते. पाखरं घाबरतात."

"पाखरांना काय कळतंय गिलाव्यातलं!" सासूबाई ओरडल्या. नियमबियम गेले खड्ड्यात. "मी पडायला बांधलं, लपायला बांधलं, तुझं सगळं ऐकलं. माझ्या हाताचं एवढंसुद्धा दिसायचं नाही का कुठे?"

घरी येऊन सासूबाई न जेवता भिंतीकडे तोंड करून निजल्या. आमचे हे दोनदा जाऊन आले. मला त्यांच्यावर राग होता, खरंच होता, सांगितलेलं ऐकायला काय झालं होतं? आणि तरीही मला स्वयंपाकघरात उभं राहून रडू आलं.

सकाळी त्या उठल्या, खुरपं घेतलं आणि म्हणाल्या, "दवाखान्यात कळव, आज नाही येत म्हणून. चल."

त्यांनी ती भिंत खरवडली. स्वतः. कुणाला हात लावू दिला नाही. सायीसारखे पापुद्रे सुटून खाली पडत होते आणि त्या एकेक हात पुढे सरकत होत्या. टोळी मागे उभी राहून बघत होती. मग माती मळली, भरपूर काड घातलं, वाळू घातली, आणि मुठीमुठीने भिंतीवर मारायला लागल्या. जाड, ओबडधोबड, जसा बसेल तसा थर. पण हात कसला ऐकतोय! दोन मुठी मारल्या की थापी आपसूक उचलली जायची आणि कडेचा फुगवटा सपाट करायला निघायची. त्या स्वतःवरच वैतागल्या. शेवटी थापी माझ्याकडे टाकली.

"हिच्यावर बस."

"काय?"

"खाली ठेव आणि वर बस. मी मागितली तरी देऊ नकोस. पाया पडले तरी देऊ नकोस."

मी दिवसभर थापीवर बसले. त्यांनी मागितली, हो. एकदा गोड बोलून, एकदा माझ्या माहेरचा उद्धार करून. मी हलले नाही. संध्याकाळी भिंत अशी झाली होती की घराला असती तर सोयरीक मोडली असती. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग वाट बघणं. पलीकडच्या काठावरून एखाददुसरा बगळा मध्यापर्यंत यायचा आणि परतायचा. महिना संपत आला. आणि अधिकारी आला, त्याच्या मागे दोन माणसं, खांद्यावर पहारी.

आम्ही सगळ्या तिथेच होतो. सासूबाईंच्या हातात थापी होती, कशासाठी ते मला माहीत होतं. त्यांनी साहेबाला एवढंच म्हटलं, "पाडायच्या आधी एकदा आत बसा. कुणीतरी बसायला हवं होतं त्यात."

तो आत आला. आम्ही त्याच्या मागे दाटीवाटीने बसलो. फटीतून रिकामं पाणी दिसत होतं. तो दुर्बीण खाली ठेवून उठणार, इतक्यात भिंतीतून आवाज आला. ठप्. थोड्या वेळाने पुन्हा, ठप्. आणि बाहेर माती गळाल्यासारखी सरसर.

"भिंत ढासळतेय तुमची," अधिकारी म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो खाली बसला. त्यांनी तळहात भिंतीला लावला, डोळे मिटले. मग माझा हात ओढून तिथे ठेवला. भिंतीच्या आत कुणीतरी ठोकत होतं. बारीक, नेटाने, मातीतून माझ्या बोटांना ते जाणवत होतं. माझ्या अंगावर काटा आला.

कडेच्या फटीतून चष्मेवालीने बघितलं आणि तोंडावर हात दाबला. एकेक करून सगळ्यांनी बघितलं. खंड्या होता. निळाशार पंखांचा, अंगाला न शोभणारी मोठी चोच असलेला. समोरच्या फांदीवरून सुटायचा, भिंतीवर चोच मारायचा, पुन्हा फांदीवर. दुसरा एक भोकात शिरून पायांनी माती मागे उडवत होता. नवरा-बायको घर खणत होते. त्या मऊ, जाड, वाळूमिश्रित गिलाव्यात. घोटलेल्या भिंतीवर त्यांची चोच बसलीच नसती.

अधिकारी कितीतरी वेळ फटीला डोळा लावून होता. बाजूला झाला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. हळूच म्हणाला, "घरटं सुरू झालं की त्या जागेला कुणाला हात लावता येत नाही. मलासुद्धा. पिल्लं उडेपर्यंत." आणि बाहेर जाऊन त्याने पहारीवाल्यांना परत पाठवलं.

बाहेर ओरडता येईना! टोळीतल्या म्हाताऱ्या एकमेकींना कुरकचून मिठ्या मारत होत्या, मिरची तोंडावर दोन्ही हात धरून नाचत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज कुणाचा नाही.

सासूबाई मात्र आतच होत्या. खणता खणता खंड्या आरपार यायचा, अशी त्यांना शंका आली. त्यांनी ओंजळभर ओली माती मागितली आणि थापीशिवाय, नुसत्या तळव्याने, आतल्या बाजूने भिंतीला जाड अस्तर चढवायला घेतलं. तो बाहेरून ठोकायचा, त्या थांबायच्या. तो थांबला की त्या हात चालवायच्या. त्या माणसांची घरं बांधायच्या तेव्हासुद्धा मी त्यांना इतक्या मायेने काम करताना बघितलं नव्हतं.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. खंड्याची ये-जा सुरू झाली, भोकातून चिरचिर ऐकू यायला लागली. आणि काय झालं कुणास ठाऊक, त्याला बिनधास्त बघून म्हणा, की भिंत मळकट झाली म्हणून म्हणा, बगळे मध्यापर्यंत आले, मग अलीकडे आले. पाणकोंबड्या आल्या. एका सकाळी फटीसमोर इतक्या जवळ बदकं होती की मला त्यांच्या पायांचा चिखल दिसत होता. आमचे हे एकदा बघायला आले आणि दवाखान्यात आलेल्या पेशंटसारखे गुपचूप बसून राहिले. निघताना आईला म्हणाले, "स्वयंपाकघराची भिंत करायची असली तर कर हं." मी त्यांना चिमटा काढला.

पिल्लं उडाली त्या दिवशी अधिकारी स्वतःहून आला. त्याने चष्मेवालीला सांगितलं की बाकीच्या चारही लपणांना मंजुरी आहे आणि हीच टोळी हवी. मग भिंतीकडे वळून, अगदी नम्रपणे, सासूबाईंना म्हणाला, "मावशी, आता हे भोक बुजवून घेणार का?"

भिंतीचा अवतार झाला होता. भोकाच्या कडा झिजलेल्या, खाली विष्ठेचे पांढरे ओघळ, माशांचे काटे. सासूबाई पुढे झाल्या आणि त्या भिंतीवरून त्यांनी पहिल्यांदाच हात फिरवला, खरखरीत काडांवरून, ओघळांवरून, भोकाच्या कडेपर्यंत.

"बुजवायचं? साहेब, आजवर लोकांनी माझ्या भिंतींचं नुसतं कौतुक केलं. ह्याने आत संसार मांडला." मग त्या टोळीकडे वळल्या. "पुढच्या चारही भिंती अशाच, आणि बाहेरून हातभर जाड. जी कुणी घोटेल, तिचा हात मी मोडीन. चला गं, माती काढा!"